तो रणगाडा मळका का आहे, एवढं तरी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या शहराच्या पानावर एका शाळेतल्या विजय दिवसाच्या प्रदर्शनाचा फोटो आला होता आणि खाली ओळ होती की विद्यार्थ्यांनी खेळण्यातले रणगाडे मांडले. त्या फोटोत अगदी डावीकडे, अर्धा कापला गेलेला जो मळका हिरवा रणगाडा दिसतोय तो माझ्या पुतणीने केलाय. ती नववीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तिने सुटे भाग जोडून रणगाडा करायचं किट उघडलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते पूर्ण झालं, म्हणजे सहा महिने, रोज नाही पण शनिवार-रविवार तरी नक्की. बक्षीस दुसऱ्या एका रणगाड्याला मिळालं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही, त्या मुलानेही मेहनत घेतलीच असणार. पण परीक्षकांपैकी एकजण तिच्या टेबलापाशी थांबले, मॉडेल हातात घेतलं आणि म्हणाले, काम चांगलंय पण आणण्याआधी जरा पुसून तरी आणायचं ना, किती कळकट दिसतंय. आणि पुढे गेले. ती काहीच बोलली नाही. रात्री जेवताना मला म्हणाली, काका, आपण तो स्वच्छ ठेवायला हवा होता का?

तिला जे उत्तर दिलं तेच जरा नीट लिहावं म्हणून हे पत्र. लांबलंय, सांभाळून घ्या.

तो रणगाडा सेंच्युरियन आहे, ब्रिटिश बनावटीचा, १९७१ च्या युद्धातल्या आपल्या लष्कराच्या पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा. नावातच आपलं पुणं आहे, म्हणून तिने तो निवडला. १९६५ ला याच रेजिमेंटचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, जे पुण्यात शिकले, ते फिलोरा आणि चविंडाच्या लढायांमध्ये लढले आणि १६ सप्टेंबरला गेले. १९७१ ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, ज्यांचा जन्मच पुण्यातला, ते १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांशी लढताना गेले. दोघांनाही परमवीर चक्र, मरणोत्तर. तारापोरांच्या रणगाड्याचं नाव होतं खुशाब, हे इराणमधल्या १८५७ च्या एका लढाईचं नाव, तिथे पूना हॉर्सचे घोडेस्वार लढले होते, तेव्हा ते घोडदळ होतं. खेत्रपालांच्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता, हे सायप्रसमधलं एक बंदर. रणगाड्याला नाव असतं हेच तिला माहीत नव्हतं, ते कळल्यावर मग बाकीची किटं बाजूला पडली.

किट १:३५ स्केलचं आहे, म्हणजे खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं. हा आकडा जगभर चालतो आणि त्यामागे काही मोठं गणित नाही, जपानच्या टॅमिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं त्यात मोटर आणि बॅटरी बसायला जेवढी जागा लागली त्यावरून हे माप आलं आणि मग तेच रूढ झालं. पण आकडा एकदा ठरला की त्याला धरून राहावं लागतं. सेंच्युरियनची बॉडी तोफ सोडून साडेसात मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेल साधारण २१-२२ सेंटीमीटरचं. पावणेसहा फुटी माणूस पाच सेंटीमीटरचा. आणि आता महत्त्वाचं, मॉडेलवर तुम्ही १ मिलिमीटर जाड चिखल लावला की तो खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटीमीटर जाड होतो, रंगाचा १ मिलिमीटरचा टवका उडवला की तो खऱ्यावर साडेतीन सेंटीमीटरचा टवका. त्यामुळे हे मळवणं म्हणजे ब्रश चिखलात बुडवून फासणं नाही हो, प्रत्येक डाग मोजून लावावा लागतो. तिच्या वहीत पस्तीसने भागलेल्या आकड्यांची दोन पानं आहेत, गणिताच्या बाईंनी बघितली तर त्यांना बरं वाटेल.

या मळवण्याला आम्ही वेदरिंग म्हणतो. ऊन, पाऊस, धूळ, तेल, बुटांची घासाघीस, या सगळ्याने गाडीचं जे होतं ते रंगाने दाखवायचं. आणि त्यातला प्रत्येक डाग कशामुळे पडला ते सांगता आलं पाहिजे. परीक्षकांनी जिथे अंगठा ठेवून कळकट म्हटलं ती जागा होती पुढची उजवी बाजू. तिथला रंग तिने मुद्दाम जास्त झिजवला होता कारण सेंच्युरियनचा ड्रायव्हर पुढे उजवीकडे बसतो, तो रोज तिथूनच चढतो आणि तिथूनच उतरतो, बुटाला चिखल असतो, पाय घासतो, कडा घासल्या जातात. डाव्या बाजूला तेवढी झीज नाही. मागच्या दोन्ही मडगार्डांवर सायलेन्सर आहेत, त्यांना गंज दाखवलाय कारण ते तापतात आणि तापून रंग जळून जातो, उघडं पडलेलं लोखंड मग गंजतंच. पण बाकी बॉडीवर गंज जवळजवळ नाही, कारण वापरातला रणगाडा सहा महिन्यांत भंगार होत नसतो आणि त्याचं पोलादही जाडजूड असतं. पेट्रोल भरायच्या झाकणाभोवती काळपट ओघळ आहे, या रणगाड्याचं इंजिन रोल्स-रॉइसचं मिटिऑर, २७ लिटरचं, १२ सिलिंडरचं, विमानातल्या मर्लिन इंजिनापासून तयार केलेलं आणि पेट्रोलवर चालणारं, तहान भयंकर, मग भरताना सांडणार नाही तर काय. पट्ट्याच्या कड्या जिथे जमिनीला घासतात तिथे आणि दातेरी चाकाच्या दातांवर चकाकणारं लोखंड, बाकी पट्टा मातकट. चाकांना बाहेरून रबर असतं, रबराचा टवका उडून लोखंड दिसत नाही, म्हणून तिथे चंदेरी रंगाचा एक ठिपकाही नाही.

हे सगळं तिला पहिल्या दिवशी येत नव्हतं. सुरुवातीला तिने सगळ्या कडांवर चंदेरी रंगाचे ठिपके दिले होते, सगळा रणगाडा लुकलुकायला लागला, मग दोघांनी बसून विचार केला की हिरव्याखाली आधी काय असतं, तर प्रायमर असतो, लालसर तपकिरी, म्हणजे टवक्यातून आधी तो दिसणार. सगळं पुन्हा रंगवलं, तीन रविवार गेले. दुसरी चूक माझी होती. चिखलासाठी मी आमच्या बागेतली माती चाळून दिली, आपली काळी माती, बेसॉल्टची. ती वाळून राखाडी-काळी दिसायला लागली आणि पुतणीच म्हणाली, पण काका, तो तर रावीच्या पलीकडे लढला ना, तिकडची माती अशी असते का? नसतेच. तो सगळा नद्यांनी हिमालयातून आणलेला बारीक गाळ, फिकट, पिवळट-राखाडी, वाळला की पिठासारखा उडणारा. सगळं खरवडून काढलं. मग प्लास्टर, थोडं फेव्हिकॉल आणि फिकट पिगमेंट पावडर, म्हणजे कोरड्या रंगाची भुकटी, असं मिश्रण केलं, बसंतर नाल्याच्या काठची ओली जमीन म्हणून खालच्या चाकांपाशी गडद आणि किंचित ओलसर चमक, वर जाईल तसं वाळलेलं आणि फिकट. बाजूला लोंबणारे जे पत्रे असतात त्यांच्या फक्त खालच्या कडेला थर, कारण त्यांच्यामागे पट्टा फिरतो आणि चिखल आतूनच जास्त उडतो.

कोणी म्हणेल हे महागाचं काम. किट महाग आहे हे खरंच, इम्पोर्टेड असतं, आणि हवेच्या दाबाने रंग फवारायचा एअरब्रश-कॉम्प्रेसर माझा आहे म्हणून तिला मिळाला. पण वेदरिंगचं बहुतेक सामान घरातलं आहे. कॅमलिनच्या ऑईल कलरच्या दोन ट्यूब, बर्न्ट अंबर आणि रॉ अंबर, टर्पेंटाईनमध्ये पातळ करून रेषांच्या खाचांत सोडायचे, त्याला वॉश म्हणतात. जुना टूथब्रश, टूथपिक, स्पंजचा तुकडा. टवक्यांसाठी एक युक्ती आहे ती मुलांना फार आवडते, आधी प्रायमरचा तपकिरी रंग, त्यावर साधा हेअरस्प्रे मारायचा, तो वाळला की वरून हिरवा ॲक्रिलिक, मग थोडं पाणी लावून ब्रशने हळू घासायचं, हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो आणि वरचा हिरवा रंग खऱ्यासारखा सुटून येतो. हे का होतं ते समजून घेताना तिला विरघळणं म्हणजे काय, पाण्यात काय जातं आणि टर्पेंटाईनमध्ये काय जातं, कुठला रंग कुठल्या रंगावर चालतो, हे सगळं कळलं. टर्पेंटाईन आणि थिनरचा वास डोक्यात जातो, त्यामुळे खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क, हे मात्र मी सक्तीचं केलंय, मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय नाहीच. जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे पूर्ण बंद होता, हवेत दमटपणा असला की वरचं मॅट, म्हणजे बिनचमकीचं, वार्निश पांढरट पडतं आणि दोन महिन्यांचं काम दोन मिनिटांत जातं. त्या काळात ती फक्त वाचत होती आणि पट्ट्याच्या कड्या जोडत होती.

सप्टेंबरमध्ये आम्ही अहिल्यानगरला रणगाड्यांच्या म्युझियमला जाऊन आलो, १९९४ पासून आहे ते, आणि अजून गेला नसाल तर मुलांना घेऊन जरूर जा. सेंच्युरियनशेजारी उभं राहिल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने चाकाची उंची स्वतःच्या कमरेशी लावून बघितली आणि वहीत काढली. पण तिथले रणगाडे जपून, नवा रंग देऊन ठेवलेले असतात, त्यामुळे आकार तिथे शिकता येतो, मळ नाही शिकता येत. त्यासाठी जुने ब्लॅक अँड व्हाईट फोटो बघत बसावं लागतं, भिंग घेऊन. फामागुस्ता सुद्धा अहिल्यानगरलाच आर्मर्ड कोअरच्या, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलाच्या, सेंटरकडे जतन केलेला आहे.

मुलींच्या हातात रणगाडे कशाला, असंही एका नातेवाइकांनी विचारलं. मला वाटतं उलट चकचकीत रणगाडाच मुलांना फसवतो. तो बघून युद्ध म्हणजे संचलन वाटतं. मळलेला, घासलेला रणगाडा बघितला की मूल पहिला प्रश्न विचारतं, आत कोण होतं? चारजण असतात, कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. तिने झाकणाच्या कडेला हातांच्या घासण्याने गुळगुळीत झालेली जागा रंगवली तेव्हा ती म्हणाली की खेत्रपाल २१ वर्षांचे होते, म्हणजे माझ्यापेक्षा फक्त सात वर्षांनी मोठे. हे तिने पुस्तकात आधी वाचलं होतं, पण म्हणाली त्या दिवशी.

आणि आपल्याकडे हे काही परकं नाहीये. दिवाळीत आपण किल्ला करतो तेव्हा काय करतो, माती कालवतो, अळीव पेरतो, बुरूज थोडा ढासळलेला दाखवतो, मावळे कुठे उभे राहतील यावर भावंडांत भांडणं होतात. रेडिमेड प्लास्टरचा किल्ला आणून ठेवला की आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. किल्ल्याची माती कोणी पुसून ये म्हणत नाही. मग रणगाड्याची का?

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. शाळांच्या प्रदर्शनात जे परीक्षक म्हणून जातात त्यांनी मुलाला एक प्रश्न विचारावा, हा डाग इथे का आहे? उत्तर आलं तर मार्क द्या, नाही आलं तर खुशाल कापा. आणि तुमच्या पेपरने अशा कामाला खेळणी म्हणू नये, मॉडेल म्हणावं, आणि जमलं तर कुठल्या रेजिमेंटचं, कुठल्या सालचं हे मुलांना विचारून फोटोखाली छापावं. एक ओळ जास्त लागेल. कुठल्याही शाळेला हवं असेल तर मी रविवारी स्वतःचं सामान घेऊन यायला तयार आहे, पैसे नकोत.

अजून एक, हे वाचकांसाठी. पुतणी सांगितल्यावर सावरली आणि तिने पुढचं काम काढलंय, कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांची जीप, १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस, म्हणजे गोळा सुटताना मागे धक्का न देणारी, तोफ बसवलेली, पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तर गावची लढाई, सप्टेंबर १९६५. तिथे शेतांत पाणी सोडलं होतं आणि पॅटन त्यात रुतले, हे तिने वाचलंय. आता तिचा प्रश्न आहे की खेमकरणच्या उसाच्या शेतातला तो चिखल जीपच्या चाकांवर वाळल्यावर कुठल्या रंगाचा दिसत असेल, आणि उसाचा पाला बॉनेटवर बांधायचे तेव्हा तो किती वेळ हिरवा राहायचा. तुमच्या वाचकांत कोणी त्या भागात नोकरी केलेले माजी सैनिक असतील, किंवा त्यांच्या घरचं कोणी असेल, तर त्यांनी कृपया तुमच्या पत्त्यावर दोन ओळी कळवाव्यात. तिने जीपची चाकं अजून रंगवलेली नाहीत, थांबली आहे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे