‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’ पाहिल्यावर चि. अमेयास

चि. अमेय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’ दिसायला झकास आहे, पण इतक्या नटव्या चित्रपटात पोलिसांच्या भ्रष्टाचाराचे गांभीर्य हरवते. तेव्हा मी गप्प राहिलो, कारण तुझ्या आईला फोन हवा होता. शिवाय अशा विषयावर मला लिहूनच नीट सांगता येते. माझ्या मते तो नटवेपणा म्हणजेच त्या चित्रपटाने केलेला आरोप आहे.

सुरुवात आठव. सोनेरी ऊन, समुद्रकिनारे, संत्र्यांच्या बागा, आणि एका कुचाळखोर मासिकाच्या संपादकाचा, म्हणजे डॅनी डिव्हिटोचा, खट्याळ आवाज. १९५३ सालचे हे लॉस एंजेलिस विक्रीला मांडलेले शहर आहे आणि त्या मालात तिथले पोलीस दलही आले. जॅक व्हिन्सेन्स हा पोलीस दूरचित्रवाणीवरच्या पोलीस मालिकेचा सल्लागार आहे, आणि तोच त्या संपादकाकडून पैसे घेऊन, छायाचित्रकार बरोबर ठेवून, नटनट्यांना अटक करतो. कुंटणखान्यातल्या मुलीसुद्धा चित्रतारकांसारख्या दिसाव्यात म्हणून घडवून घेतलेल्या आहेत. दिग्दर्शक कर्टिस हॅन्सनने त्या काळच्या मोटारी आणि कपडे मुद्दाम मागे ठेवले, कोठेही मिरवले नाहीत; आणि छायालेखक दान्ते स्पिनोत्तीने अशा गुन्हेगारीपटांतला ठराविक काळोख पुष्कळदा बाजूला सारून लबाडी भर उजेडात घडू दिली.

नाताळच्या रात्री दारू प्यायलेले पोलीस कोठडीत घुसून कैद्यांना बडवतात, तो प्रसंग कल्पित नव्हे. १९५१ च्या नाताळात त्याच शहरात सात जणांना असे मारले गेले होते आणि पुढे काही पोलिसांना शिक्षाही झाल्या. चित्रपटात एड एक्सली हा तरुण पोलीस अधिकारी सहकाऱ्यांविरुद्ध साक्ष देतो, पण त्याबद्दल बढतीही पदरात पाडून घेतो. गाय पियर्सने हा सचोटीचा पण हिशेबी माणूस असा उभा केला आहे की त्याच्याविषयी आदर वाटत असतानाच थोडी चीडही येते.

आता माझे. एकतीस वर्षे न्यायालयात लघुलेखक म्हणून काढल्यावर मला त्यातला एक प्रसंग फार जवळचा वाटतो. बड व्हाइट हा दुसरा पोलीस एका निःशस्त्र माणसाला बसल्या जागी गोळी घालतो आणि मग दुसरे पिस्तूल वापरून चकमक झाल्याचा देखावा रचतो. झाला पंचनामा तयार! तेच दोन पंच एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या गावांतल्या जप्त्यांना हजर असल्याचे मी स्वतः टंकलिखित केलेले आहे. त्या कागदांत समास नीट, सह्या नीट, भाषा अशी घोटीव की वाचणाऱ्याला शंका येऊ नये. खोटा कागद खऱ्याहून नेहमी देखणा असतो, हे मला तिथे कळले. म्हणून या चित्रपटाचे देखणेपण मला वरून फासलेले वाटत नाही.

कॅप्टन डडली स्मिथ आरंभीच एक्सलीला विचारतो की गुन्हेगार दोषी आहे हे ठाऊक असताना तू पुरावा पेरशील का, मारून कबुली घेशील का, सुटू पाहणाऱ्या निर्ढावलेल्या गुन्हेगाराला पाठीत गोळी घालशील का. तो प्रत्येक वेळी नाही म्हणतो. आणि अखेरीस, गाड्यांचे भोंगे जवळ येत असताना, तो त्याच डडलीला पाठीत गोळी घालतो आणि येणाऱ्या पोलिसांना दिसावा म्हणून आपला बिल्ला उंच धरतो. जेम्स क्रॉमवेलचा डडली तोवर इतका वडीलधारा आणि गोडबोल्या राहिलेला असतो की तो पडताना मला क्षणभर समाधान वाटले, आणि त्या समाधानाची लाजही वाटली.

इथे मला विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘अर्धसत्य’ हा चित्रपट आठवतो. तिथला पोलीस अधिकारी वेलणकरही शेवटी कायदा हातात घेतो, पण तो स्वतः ठाण्यात जाऊन हजर होतो. एक्सलीला मात्र पदक मिळते, आणि खात्याची अब्रू राहावी म्हणून डडलीलाही वीरमरण बहाल केले जाते. बडला त्याची प्रेयसी लिन हिच्यासोबत मोटारीतून ॲरिझोनाकडे रवाना करणारा निरोप मला अंमळ गोड वाटला, हे कबूल करतो. लिन झालेल्या किम बेसिंजरला ऑस्कर मिळाले ते योग्यच, पण तो शेवट पटकथेने कथेपेक्षा प्रेक्षकांकडे पाहून लिहिला असावा.

पुन्हा पाहशील तेव्हा तीन संशयितांच्या चौकशीचा प्रसंग सावकाश पाहा. एक्सली एकाचे बोलणे ध्वनिक्षेपकावरून दुसऱ्याच्या खोलीत ऐकवतो, हातही न उगारता माणूस फोडतो, आणि काचेपलीकडे उभा असलेला बड खुर्चीची पाठ धरून ऐकत राहतो, ती मोडेपर्यंत. त्या दोघांपैकी तुला अधिक भीती कोणाची वाटली, तेवढे कळव.

तुझा,
बाबा