समोरच्या काकू आणि माझं काम

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर फणकाऱ्याने म्हणालीस, "आई, त्या काकूंना तुझंच काम शिकवून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस, माणसं वाढली की फी उतरणार." तेवढ्यात कुकर ओरडला आणि विषय राहिला, म्हणून लिहितेय.

समोरच्या काकूंना मी मिस्टरी शॉपिंग शिकवते, म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, तिथे कसं वागवतात ते बघायचं आणि फी घेऊन त्याचा रिपोर्ट द्यायचा, हे खरं. मला हवी असलेली पेट्रोल पंपाची असाइनमेंट गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याआधी उचलली, हेही खरं. चांगलंच झोंबलं मला.

पण माझी पहिली व्हिजिट आठव. तू दहावीत होतीस. बाबांसाठी शर्ट घेतला, बिलाचा फोटो काढला, रात्री जागून रिपोर्ट भरला आणि तो रिजेक्ट झाला. का, तर फोटोत बिलावरची वेळ कापली गेली होती. फी गेली, शर्टाचे पैसेही गेले. बाबांनी तो निळा शर्ट तीन वर्षं वापरला; दोरीवर दिसला की माझं डोकं फिरायचं. त्याआधी मी हेच काम करणाऱ्या एका जुन्या बाईंना विचारलं होतं. "अनुभवाने येतं हो," एवढंच म्हणाल्या. आलं की, शर्टाच्या किमतीत!

म्हणून काकूंना घेऊन आपल्याच स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला गेले. म्हटलं, मुलगा "झिरो बघा" म्हणतो का ते ऐका, पण परीक्षकासारख्या उभ्या राहू नका. बॅजवरचं नाव वाचायला वाकू नका. वेळ टिपायची तर घरी "पोचले" असा मेसेज टाका, वेळ आपोआप पडते. आणि रिपोर्टात 'उद्धट होता' लिहायचं नाही, तो काय बोलला ते लिहायचं. काकू म्हणाल्या, "अहो, पण उद्धटच होता!" हे त्यांना शिकवायला अजून दोन पंप लागतील.

माझ्या कामांच्या प्रश्नावल्या मात्र त्यांना दाखवल्या नाहीत. गोपनीयतेचा करार असतो. कुठे काय तपासते ते तुलाही कधी सांगितलेलं नाही. एक गोष्ट बजावून सांगितली: खरेदीचे पैसे आधी आपण घालतो आणि ते नंतर परत मिळतात, पण नाव नोंदवायलाच कोणी पैसे मागितले तर फोन ठेवा. त्यांना तसा एक फोन येऊन गेला होता आणि त्या पैसे भरणारच होत्या.

फीबद्दल तू म्हणतेस ते मला खोडता येत नाही. माणसं वाढली की कमी पैशात करणारं कोणीतरी निघतंच. पण ती मी न शिकवताही वाढणार, आणि घरी बसून खोटे रिपोर्ट भरणारी चार निघाली तर ज्या कंपनीसाठी आपण तपासतो ती कामच बंद करते. मग माझंही गेलं. शिवाय एकाच दुकानात तोच माणूस लगेच परत पाठवत नाहीत, मधे काही महिने जावे लागतात. आणि माझा चेहरा तर आता या भागात पाठ झालाय. परवा सराफाकडचा मुलगा म्हणाला, "मावशी, आजही नुसतं बघणारच ना?" तिथे आता काकूच बऱ्या.

उद्या दुपारी त्या येतायत, रिपोर्ट भरायला. दिवाळीला येताना एक पॉवर बँक आण. माझा मोबाईल चारलाच मान टाकतो.

तुझी,
आई