कोकमाच्या गोळ्या चरबी वितळवत नाहीत

माननीय संपादक,

कोकम आणि त्याच्या कुळातल्या फळांच्या अर्काने 'चरबी वितळते' अशा जाहिराती सध्या सर्रास दिसतात. त्यांत विज्ञान आहे, पण अर्धेच.

जेवणातून साखर, भात, मैदा गरजेपेक्षा जास्त गेला की यकृताच्या पेशी त्यापासून चरबी बनवतात. त्यासाठीचा कच्चा माल, म्हणजे अ‍ॅसिटिल-कोए, तंतुकणिकेत (मायटोकाँड्रिया, पेशीतले ऊर्जाकेंद्र) तयार होतो; चरबी मात्र तिच्या बाहेर, पेशीद्रवात बनते. तंतुकणिकेचे आतले आवरण अ‍ॅसिटिल-कोएला बाहेर सोडत नाही. म्हणून तो सायट्रेट या संयुगाच्या रूपात बाहेर पडतो आणि तिथे एटीपी सायट्रेट लायेज हे विकर (एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) सायट्रेट तोडून त्याला मोकळे करते. पामिटिक आम्ल हा चरबीचा एक घटक; त्याच्या एका रेणूला असे 8 अ‍ॅसिटिल-कोए लागतात. नुसत्या तोडणीतच 8 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्च होतात; पुढच्या जोडणीला आणखी 7 एटीपी आणि 14 एनएडीपीएच (चरबी बांधायला लागणारे इलेक्ट्रॉन पुरवणारे रेणू).

कोकमाच्या सालीतले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल रचनेने सायट्रेटच्या इतके जवळचे आहे की ते या विकरावर सायट्रेटची जागा अडवते. परीक्षानळीत हे छान दिसते. पण आपल्या जेवणात तेल, तूप, खोबरे असतेच. अंगावर साठणारी बहुतेक चरबी तिथून आयती येते आणि तिला या विकराची गरजच पडत नाही. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 135 जण होते. एका गटाला 12 आठवडे रोज 1500 मिलिग्रॅम हे आम्ल दिले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे वजन जास्त उतरले नाही. उलट, अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गोळ्या घेताना लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्या तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि काय घेत होतो ते आपणहून सांगावे.

याच विकराला रोखणारे बेंपेडोइक आम्ल अमेरिकेत 2020 मध्ये मंजूर झाले, तेही कोलेस्टेरॉलसाठी, वजनासाठी नव्हे. ते स्नायूंत नव्हे, यकृतात सक्रिय होते; तरीही यूरिक आम्ल वाढवते, म्हणून गाऊटच्या (यूरिक आम्ल सांध्यांत साचून होणाऱ्या संधिवाताच्या) रुग्णांना जपावे लागते. एवढी खबरदारी औषधाला, आणि अर्काच्या गोळ्या मात्र कुणीही विकत घ्याव्यात, हे आम्हांला पटत नाही.

सोलकढी, आमसुलाचे सार खुशाल घ्यावे. अमृत कोकमाकडे मात्र वजन उतरवण्याचा उपाय म्हणून पाहू नये: त्यात साली साखरेतच मुरवतात, आणि यकृताला चरबी बनवायला लागते ती हीच साखर.

— जीवरसायनशास्त्राचे दोन अध्यापक, रत्नागिरी