दाढीनंतरचा तो वास

महोदय,

गेली चाळीस वर्षं मी एकाच सलूनमध्ये दाढी करतो. परवा कारागिराने गालाला निळसर जेल लावलं. वास बबलगमचा! ओल्ड स्पाइस विचारलं तर म्हणाला, ‘काका, पोरांना तो म्हाताऱ्यांचा वास वाटतो.’

मला हे अजिबात पटलेलं नाही. १९३८ साली अमेरिकेत पुरुषांसाठी निघालेल्या त्या आफ्टरशेव्हला लवंग-दालचिनीचा वास आहे. आपल्या मसाल्याच्या डब्याचा वास म्हातारा कसा होईल?

पूर्वी वस्तरा फिरला की आधी ओल्या तुरटीचा खडा, मग पांढऱ्या बाटलीतले चार थेंब. तळवे एकमेकांवर चोळून गालावर थापले की क्षणभर झोंबायचं आणि लगेच गार वाटायचं, कारण त्यातलं स्पिरिट उडून जातं. मानेवर पावडरचा फुलोरा. वडील रविवारी सलूनमधून आले की मी त्यांच्या गळ्याशी नाक खुपसायचो. आज ते नाहीत, पण बाटलीचं बूच उघडलं की ते दारात उभे असतात.

सलूनवाल्यांना कळकळीची विनंती : आरशासमोर ती एक बाटली राहू द्या. मागणारे आम्ही अजून आहोत.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा