ताई, मचाकोसहून तुमचे मनापासून आभार

प्रिय ताई,

तुम्ही ठाण्याला परत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय आणि राहूनच जातंय. आज जानेवारीची टर्म सुरू झाली, पोरं शाळेत गेली, ऑफिसात जरा शांत आहे, म्हटलं आता बसून लिहूनच टाकू. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण वसईला सुट्टीवर आलो की प्रत्येक घरात हाच प्रश्न, फादर तुम्ही तिकडे केनियात मचाकोसच्या अनाथाश्रमात दिवसभर नक्की करता काय, आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं तर तुमच्याबद्दल बोलावंच लागतं. नाव नको म्हणालात म्हणून घेत नाही.

माझा दिवस तुम्ही बघितलाय, पण इथे वाचणाऱ्यांसाठी सांगतो. पहाटे पाचला उठलो की आधी पाण्याची टाकी बघायची, कारण सोलर पंप ढगाळ दिवसात नीट चालत नाही आणि बोअरचं पाणी खारट, त्यामुळे प्यायला पत्र्यावरून उतरवून साठवलेलं पावसाचं पाणी. या भागात मार्च ते मेच्या पावसापेक्षा ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसावर लोकांचा भरवसा जास्त, आणि तोही कमी पडला की जेरीकॅनने पाणी विकत घ्यायचं. सहाला स्वाहिलीत मिस्सा, मग उजी, म्हणजे नाचणीची पातळ पेज, मग औषधं, मग गणवेशाची बटणं, हरवलेले मोजे, आणि पोरं शाळेकडे निघाली की फोन. दूधवाला, शेंगदाण्यावाली, शाळेची फी, सगळं एम-पेसावर, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या सोयीवर, त्यामुळे सकाळी दहापर्यंत माझी बोटं फोनवरच. दुपारी गिथेरी, म्हणजे मका आणि राजमा एकत्र शिजवलेला, संध्याकाळी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमा ही पालेभाजी. अधेमधे चिल्ड्रन्स ऑफिसरकडे, म्हणजे मुलांचं बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, चकरा, कोर्टाची कागदपत्रं, जन्मदाखले. रात्री अभ्यास, रोझरी, आणि कुणाला ताप आला तर गाडी काढून हॉस्पिटल.

ह्या सगळ्यात औषधांचा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या काही पोरांना जन्मापासून एचआयव्ही आहे. पूर्वी लहान पोरांना लोपिनावीर ह्या एचआयव्हीच्या औषधाचं सिरप द्यायचे, इतकं कडू की पोरं ओकून टाकायची, वर ते थंड जागी ठेवायला लागायचं, आणि इथे लाईटचा भरवसा नाही. 2021 पासून डोल्युटेग्रावीर ह्या दुसऱ्या औषधाची पाण्यात विरघळणारी स्ट्रॉबेरी चवीची गोळी यायला लागली आणि सकाळची रडारड थांबली. ती बनवणाऱ्यांमध्ये मुंबईची मॅक्लिऑड्स कंपनी आहे हे तुम्हीच डबी फिरवून दाखवलंत, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

पण ही काही आजची गोष्ट नाही. नैरोबीत 1992 मध्ये न्युंबानी हे एचआयव्ही असलेल्या पोरांचं घर सुरू करणारे फादर अँजेलो डॅगोस्टिनो आमच्यातल्या खूप जणांचे आदर्श, ते जेझुइट संघाचे धर्मगुरू पण आणि डॉक्टर पण. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने दिवसाला एका डॉलरपेक्षा कमीत तीन औषधांचा कोर्स देऊ केला, तोपर्यंत ह्याच उपचाराला वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर लागायचे, म्हणजे गरिबाच्या पोराने मरायचंच. पेटंटवाले काय म्हणायचं ते म्हणोत, आम्ही भारतातून स्वस्त औषधं आणणार, असं फादर डॅगोस्टिनोंनी जाहीरपणे सांगितलं होतं. ती हिंमत कुणीतरी आधी केली म्हणून आज माझ्या कपाटात डब्या आहेत.

आता डब्या असून भागत नाही हे तुम्ही आल्यावर कळलं. तुम्ही सांगलीच्या एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर, काउन्सेलर होतात, मिस्टरांच्या नोकरीमुळे नैरोबीत आलात, आणि दर शनिवारी मोम्बासा रोडच्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत आमच्याकडे यायचात. लोक येतात, बिस्किटं वाटतात, फोटो काढतात, जातात, त्यांचंही मन चांगलंच असतं. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी विचारलंत, गोळ्यांचं रजिस्टर कुठेय? आणि मग वजन, डोस, पुढची तारीख, उरलेल्या गोळ्या असे रकाने आखून दिलेत, हाउस मदरना शिकवलंत, मोठ्या पोरांना स्वतःची सही करायला लावलीत.

आणि तो मुलगा. गोळी जिभेखाली धरून मागच्या वाफ्यात थुंकायचा, आम्ही सगळे हैराण. तुम्ही त्याला ऑफिसात नाही बोलावलंत. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर त्याच्या शेजारी बसून गिथेरीचा राजमा निवडायला घेतलात आणि निवडता निवडता त्याला त्याच्या आजाराचं नाव सांगितलंत. रोज गोळी घेतली की विषाणू इतका कमी होतो की टेस्टमध्येसुद्धा दिसत नाही, हे पण सांगितलंत. मी दारात उभा होतो. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, आईने घेतली असती तर? मी असतो तर नक्की देवाचं नाव घेऊन विषय बदलला असता. तुम्ही सरळ म्हणालात, घेतली असती तर कदाचित आज असती, पण तिला कळलंच फार उशिरा, यात तिची चूक नाही आणि तुझीही नाही. त्याने मान हलवली, एक खडा उचलून फेकला आणि विचारलं, मग मी फुटबॉल खेळू शकतो ना?

अजून एक. 2022 च्या चिल्ड्रन अ‍ॅक्ट ह्या केनियाच्या कायद्यानंतर इथे सगळा भर पोरांना शक्यतो घरच्यांकडे पाठवण्यावर आहे, आश्रम हा शेवटचा पर्याय. मला ते पटतं, पोराला घर मिळावं, आमचे पलंग रिकामे झाले तर आनंदच आहे. पण एचआयव्हीवालं पोर परत घ्यायला नातेवाईक घाबरतात. त्या टेकडीवरच्या आजीकडे तुम्ही माझ्याबरोबर बोडाबोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरून, धूळ खात आलात, आणि नातीच्या ताटात जेवलं तर चालेल का ह्या त्यांच्या प्रश्नाला उत्तर न देता तिच्याच ताटातली उगाली मोडून तोंडात टाकलीत. ती पोरगी आता आजीकडेच आहे, औषधं वेळेवर, मी महिन्यातून एकदा जाऊन येतो.

बातमी अशी की आपला फुटबॉलपटू 30 किलोच्या वर गेला, त्यामुळे आता मोठ्या माणसांची एकच गोळी, आणि व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती त्याचा, रिपोर्ट एकदम चांगला आलाय. त्याच्या परवानगीनेच सांगतोय, तुम्हाला कळव म्हणाला. रजिस्टर भरलं, त्याच रकान्यांचं नवीन मचाकोसमध्ये छापून घेतलंय. आणि नवीन हाउस मदर आल्यात, त्यांना शिकवायला ऑगस्टच्या सुट्टीत तुमच्या ओळखीचं एआरटी सेंटरवरचं कुणी येऊ शकत असेल तर बघा ना. तिकिटाचे पैसे आमच्याकडे नाहीत, पण राहायची-जेवायची सोय आहे, आणि शनिवारी चपाती असते.

तुमचा,
फादर