जॉर्जटाउनहून आई-बाबांस

वॉशिंग्टन, २२ जून २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. खोली, जेवण, तब्येत यांविषयी फोनवर बोलतोच. परंतु ‘तुझे कॉलेज सरकारच्या डोळ्यांवर आले आहे का’ या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर नीट लिहूनच द्यायला हवे.

त्याआधी इथली एक विलक्षण रीत सांगतो. ५ मार्चला आमचे प्राध्यापक कपाळावर काळा डाग घेऊन वर्गात आले आणि तसेच तासभर अर्थशास्त्र शिकवत राहिले. तो राखेचा बुधवार होता. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेल्या राखेने पाद्री कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतात, माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, याची आठवण म्हणून. अंगारा आपणही लावतो, पण एरवी चारचौघांत धर्माचे नावही न काढणारी ही माणसे बसमध्ये, बँकेत, बैठकीत दिवसभर तशीच वावरतात. राखेचे कण नाकावर सांडलेले दिसत असतात, तरी कोणी रुमाल पुढे करीत नाही. तूही लावून घेतलीस का, असे आजी विचारील, नाही.

दुसऱ्याच दिवशी आमच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता विल्यम ट्रेनर यांचे पत्र सगळ्यांच्या हाती फिरत होते. वॉशिंग्टनचे प्रभारी सरकारी वकील एड मार्टिन यांनी बजावले होते की, विविधता आणि समावेशनाविषयीचे शिक्षण थांबवले नाही तर इथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या कार्यालयात घेतले जाणार नाही. त्यावर ट्रेनर यांनी उत्तर दिले, की काय आणि कसे शिकवावे हे सरकारने ठरवणे भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीत बसत नाही आणि हा विद्यापीठाच्या जेझुइट (कॅथॉलिकांमधला एक धर्मसंघ) व कॅथॉलिक ध्येयावरच घाला आहे. धर्मसंस्थेचे कॉलेज म्हणजे सोवळे-ओवळे, अशी माझी समजूत होती. इथे धर्मच स्वातंत्र्याच्या बाजूने साक्षीला उभा केला. मार्टिन यांची कायम नेमणूक पुढे सिनेटमधील पाठिंब्याअभावी बारगळली.

बाबांनी बदर खान सुरी यांची बातमी पाठवली होती. ते आमच्याच विद्यापीठातले भारतीय संशोधक. १७ मार्चला त्यांना रॉसलिनमधल्या घरासमोरून पकडून टेक्सासपर्यंत नेले आणि १४ मे रोजी न्यायालयाच्या आदेशाने सोडले. त्यांनी काही बेकायदा केल्याचे आपल्याला ठाऊक नाही, असे विद्यापीठाने उघडपणे सांगितले होते. रॉसलिन माझ्या खोलीपासून पुलापलीकडे आहे, अगदी शेजारी नाही. एप्रिलमध्ये देशभरातल्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या, इथे राहून शिकण्यासाठी लागणाऱ्या सरकारी नोंदी रद्द झाल्या होत्या, त्याही न्यायालयांत दावे लागल्यावर महिनाअखेरीस पूर्ववत होऊ लागल्या. माझ्या नोंदीला तर धक्काही लागला नव्हता. मेअखेरीस थांबवलेल्या व्हिसाच्या मुलाखती आता पुन्हा सुरू होत आहेत, मात्र अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासली जाणार आहेत. म्हणून बाबांनी राजकारणाच्या पोस्टमध्ये तूर्त मला टॅग करू नये, ही विनंती.

आता ताईच्या लग्नाचे. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला आहे हे वाचून फार आनंद झाला, पण मला येता येणार नाही. शिक्षण संपून आता मी कामाच्या परवान्यावर आहे आणि अशा स्थितीत निकड नसेल तर देशाबाहेर जाऊ नये, असे इथले वकील सांगतात. कॉलेज पत्र देईल, सल्ला देईल. परंतु परतताना विमानतळावरच्या खिडकीपाशी माझ्या शेजारी कोणी अधिष्ठाता उभे नसतील. कानपिळीला मामेभावाला उभे करा आणि दाजींचा कान माझ्या वाटणीचाही पिळायला सांगा. मुहूर्त दुपारचा असला तर इथे मध्यरात्र उलटलेली असेल, तरी मी जागा राहून सगळे फोनवर पाहीन.

बाहेर पाठवलेल्या पैशांवर परकीय नागरिकांकडून साडेतीन टक्के कर घेण्याची तरतूद असलेले विधेयक २२ मे रोजी इथल्या प्रतिनिधीगृहात मंजूर झाले असून आता ते सिनेटपुढे आहे. म्हणून लग्नासाठी दोन लाख रुपये आत्ताच बाबांच्या खात्यावर पाठवले आहेत. कर्जाचे हप्ते ऑगस्टपासून मी भरीन, बाबांनी मुदत ठेव मोडू नये. पैसे जमा झाले की कळवा. मी येणार नाही हे ताईला रविवारी मीच फोन करून सांगीन, तोवर तिच्याजवळ काही बोलू नका.

तुमचा,
बाळ्या