डोंगरावरचा कोळसा गोळा केलाय, आता भिंती रंगवायला हात पाहिजेत

मंडळी नमस्कार,

शिमग्यानंतर आपल्या डोंगराला वणवा लागला तेव्हा आपण पंधरा-वीस जण निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन पळालो, पहाटेपर्यंत झोडपत होतो, तरी डोंगराची अर्धी सोंड (खाली उतरणारी धार) जळून गेलीच. सकाळी पोरं वर गेली तर काळ्या राखेत टिटवीची चार अंडी, जागच्या जागी भाजलेली. त्यातल्या एका पोरीने जळकी कारवीची काडी उचलली आणि खाली येऊन शाळेच्या भिंतीवर टिटवी काढली. ती टिटवी बघायला अख्खी वाडी येऊन गेली, तिथूनच हे सुचलंय.

चैत्रातल्या जत्रेला मुंबई-पुण्याची सगळी मंडळी गावात येतात, त्याआधी शाळा, समाजमंदिर आणि कुरणाच्या वाटेवरचा बांध, सगळीकडे चित्रं काढायची. विकतचा रंग नको. काळा रंग जळक्या कारवीचा, तीही अर्धीकच्ची असते म्हणून झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात घालून चुलीत ठेवतोय, धूर थांबला की मऊ कोळसा तयार. नुसता हात लागला तरी पुसतो, म्हणून कुटून डिंकाच्या पाण्यात कालवायचा. लाल गेरूचा, पांढरा तांदळाच्या पिठाचा, केशरी पळसाच्या फुलांचा. पळसाची साल जाड, तो बिचारा आगीतूनही उभा राहिलाय.

गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं असं अजूनही बरेच जण मानतात. पण पालापाचोळा जळाला की माती उघडी पडते आणि पहिल्याच पावसात ओढ्याला जाते. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, पण कायद्याचा बोर्ड कोणी वाचत नाही, पोरांनी काढलेली टिटवी मात्र सगळे बघतात. मार्च २०२३ ला गोव्यात म्हादईच्या जंगलात आगी लागल्या तेव्हा नौदलाची हेलिकॉप्टर आली होती, आपल्याकडे फांद्याच आहेत, म्हणून आग लागूच नये हे बघायला पाहिजे. उरलेली अर्धी सोंड अजून वाळल्या गवताने भरलीय आणि पाऊस यायला दोन-अडीच महिने आहेत.

तर गेरू, डिंक, तांदळाचं पीठ, पत्र्याचे रिकामे डबे, दोन शिड्या, जे जमेल ते समाजमंदिरात आणून द्या. वारली काढणारं कोणी ओळखीत असेल तर प्लीज सांगा, पोरांना शिकायचंय. पैसे दिलेत तर पावती मिळेल, उरलेल्यातून जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून केलेला मोकळा पट्टा) काढायला कोयते घेऊ, हिशोब फळ्यावर लावू.

रविवारी सकाळी सातला कोळसा आणायला वर जातोय, पाण्याची बाटली घेऊन आणि बूट घालून या. आणि पोरांना एकटं पाठवू नका, मोठे बुंधे आतून अजून धुमसतायत.